प्रसादाच्या दोन रांगा आणि ताऱ्याची मोहीम

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावे कपाळी क्रूस करून, पवित्र मातेस नमन करून, आणि ज्यांनी लिहावयास सांगितले नाही त्यांचीही क्षमा मागून लेखणी उचलिली आहे. ख्रिस्तजन्मापासून दोन सहस्र अकरावे साल, शके एकोणीसशें तेहतीस, ते समयी समुद्रकाठी केळींच्या वाड्यांचे एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले असता तेथील लोक रुसतील आणि शेजारच्या राज्याचे लोक आपले नाव का नाही म्हणोन अधिक रुसतील. गादीवर पाद्री स्वामी फादर थिओडोर विराजमान होते, वृत्ती शांत, गुडघे मात्र जीर्ण, आणि त्यांचे पदरी प्रापंचिकांपैकी दोन असामी नामांकित होत्या. पहिले बस्त्यावराव मच्याडो, लितानीचे, म्हणजे संतांचे नामावळीच्या प्रार्थनेचे, मुख्य गायक, ज्यांचे 'आमेन' चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत पोहोचे आणि मिरवणुकीत छत्राची पुढली उजवी काठी ज्यांनी आजवर दुसऱ्याचे हाती जाऊ दिली नाही. दुसऱ्या नातालीनबाई, बस्त्यावरावांच्या थोरल्या बंधूंच्या विधवा, जन्म नाताळचा म्हणोन नाव तैसे. दोहोंची घरे एका भिंतीची, विहीर एक आणि राहाट दोन, आणि वाटणीत थोरल्याकडे विहिरीजवळची ओली जमीन गेली हे शल्य बस्त्यावरावांचे पोटात बंधू वारल्यावरही जैसे थे राहिले. हे लिहिणार चर्चच्या घंटेच्या दोरीवर चाकरीस होते, अक्षर मोत्याचे, वाणी शुद्ध, परंतु बायबलवाचनास आजवर कोणी बोलाविले नाही, ते असो.

त्या साली पावसाळा सरल्यावर स्वामींनी वेदीवरोन आज्ञा जाहीर केली, की रविवारच्या मिस्सा-उपासनेला गर्दी अपार, आमचे गुडघे साथ देत नाहीत, आणि हे राज्य एकट्या पाद्र्याचे नव्हे, ज्याचा ज्याचा बाप्तिस्मा जाला तो प्रत्येक जण या राज्याचा मानकरी, तरी प्रापंचिकांतून एक जण नेमून ख्रिस्तप्रसाद देण्याची सेवा त्याजकडे सोपवावी, त्याने रविवारी आमचे शेजारी उभे राहावे आणि आजाऱ्यांचे घरोघर प्रसाद न्यावा, बिशप महाराजांची परवानगी आली आहे. हे ऐकोन बस्त्यावराव मनी संतोषले आणि मग शिंप्याकडे जाऊन या सेवेस शोभेल ऐसा पांढरा झगझगीत सदरा शिवविते जाले, बटणे शिंपल्याची, आणि तो घडी करून कपाटात ठेविला आणि कोणी न विचारिता सांगों लागले की अजून काही ठरले नाही हो. मग पुढील रविवारी स्वामींनी नाव उच्चारिले, ते नातालीनबाईंचे. बस्त्यावरावांचे मुख त्या क्षणी कच्च्या केळीसारखे हिरवे जाले हे आम्ही घंटेजवळोन स्वनेत्रे पाहिले, आणि खरे लिहावयाचे तर आम्हांस थोडे बरेही वाटले, कारण आमचेही नाव नव्हते. घरी आल्यावर बस्त्यावराव कुटुंबास, इजाबेलबाईंस, बोलिले, "तिलाच का गो? लितानी म्हणतो मी, छत्र धरतो मी, सणाला मंडप घालतो मी, आणि प्रसादाची वाटी देतात तिच्या हातात?" इजाबेलबाई बोलिल्या, "तुम्ही सगळं करताच ना, मग एखादी गोष्ट दुसऱ्यानं केली तर काय बिघडलं?" या उत्तराने राग उतरण्याऐवजी चढला आणि जेवण तैसेच ताटात राहिले.

मग फूट पडिली. मिस्सात प्रसादाचे वेळी दोन रांगा होत, उजवीकडे स्वामी आणि डावीकडे नातालीनबाई, आणि बस्त्यावराव डावीकडल्या बाकावर बसत असता उठोन, सगळे चर्च आडवे कापून स्वामींचे रांगेत उभे राहिले आणि त्यांचे मागोन गायकमंडळ कूच करते जाले आणि गायकमंडळामागोन त्यांची बायकापोरे, आणि लोकांस वाटो लागले की स्वामींचे हातच्या प्रसादात पुण्याई अधिक असावी, एवढे शहाणे लोक तिकडे जातात ते काय उगीच. मग रविवारामागोन रविवार ऐसे जाले की स्वामींची रांग दारातून बाहेर अंगणात जाऊन वळे आणि नातालीनबाई चांदीची वाटी हाती धरून रिकाम्या फरशीकडे पाहत उभ्या राहात, दोन म्हाताऱ्या आणि एक परगावचा पाहुणा येत तेवढेच. स्वामींनी प्रवचनात दोनदा सांगितले, "बाबांनो, प्रभू एकच आहे, तो रांग बघून लहानमोठा होत नाही." लोकांनी माना डोलाविल्या आणि प्रसादाचे वेळी उजवीकडेच गेले. एकच प्रसाद घ्यावयाचा आणि त्यापायी राज्य दुभंगले, याहून विपरीत ते काय लिहावे.

मग नाताळ जवळ आला आणि घरोघर कागदी तारे चढों लागले. नातालीनबाईंचे छपरावर त्यांच्या भाच्याने बांबू उभारोन तांबडा तारा चढविला, तो बस्त्यावरावांचे ताऱ्याहून हातभर उंच जाला. बस्त्यावराव अंगणात उभे राहून एक डोळा मिटून पाहते जाले आणि मग दुसरा डोळा मिटून पाहिले, दोन्हीं डोळ्यांनी तो उंचच. तेव्हां मसलत न करिता, कोणास न सांगता, लांब बांबू आणिला, शिडी लाविली आणि भर दुपारी कौलांवर स्वारी केली. इजाबेलबाई खालोन ओरडल्या, "अहो, उतरा! हाडं मोडतील!" वरोन उत्तर आले, "आज तिचा तारा उंच, उद्या तिची कौलं उंच होतील, तू गप्प राहा!" आणि बांबू रोवते क्षणी कौल निसटले आणि बस्त्यावराव, तारा आणि बांबू ऐसे तिन्ही केळींचे आळ्यात येऊन पडिले. तारा वाचला. बस्त्यावरावांची मांडी मोडिली. हाका ऐकोन भिंतीपलीकडून पहिल्या धावत आल्या त्या नातालीनबाई, त्यांनीच गाडी आणविली आणि दवाखान्यात पोहोचविले, आणि हे उपकार बस्त्यावरावांस मांडीहून अधिक दुखले.

येणेप्रमाणे नाताळचा दिवस उजाडला आणि बस्त्यावराव प्लास्टर घालून घरी खाटेवर. जन्मात नाताळचा प्रसाद कधी चुकला नव्हता. ज्वर असता कांबळे पांघरोन गेले, वडील वारले त्या साली सुतकी डोळ्यांनी गेले, आणि यंदा चर्चमधून गाणे ऐकू येत होते, त्यांचे जागी कोणी दुसराच लितानी म्हणत होता आणि सूर चुकवीत होता. डोळ्यांस पाणी आले. मग इजाबेलबाईंकडून स्वामींस निरोप धाडिला, की प्रसाद आणावा, परंतु आपले हाते आणावा. इजाबेलबाईंनी चालीप्रमाणे मेजावर पांढरे कापड घातले, क्रूस ठेविला, मेणबत्ती लाविली, आणि मग दाराशी पावले वाजली आणि आत आल्या त्या नातालीनबाई, गळ्यात प्रसादाची डबी. बस्त्यावरावांनी तोंड भिंतीकडे फिरविले.

"फादर का नाही आले?"

"पलीकडच्या गावी मिस्साला गेलेत, भावजी. तिथं पाद्री नाही."

"मग संध्याकाळी येतील."

"संध्याकाळी दमून पडतील हो. त्यांचे गुडघे तुम्हांला ठाऊक आहेत. तेव्हाही मीच येईन."

तेव्हां इतके दिवस कोंडलेले बाहेर पडिले. बस्त्यावराव भिंतीकडेच पाहत बोलिले, "सगळं तुम्हांलाच कसं मिळतं, वहिनी? बाबांनी ओली जमीन तुम्हांला दिली. दादा गायला लागला की बाबा मला गप्प बसवायचे. आणि म्हातारपणी एक गोष्ट मी मागितली, तोंडानं नाही, मनात मागितली, तीसुद्धा तुमच्याकडे गेली. हेवा वाटतो मला तुमचा. झालं? आता सगळ्या गावाला सांगा."

नातालीनबाई उभ्याच होत्या. त्यांनीही लपविले नाही. "मला नाही वाटत होय हेवा? मला फादरांचा वाटतो. प्रसाद घेताना तुमचं आमेन त्यांना मिळतं. मी वाटी धरून उभी राहते, समोर कुणी नसतं, सणाला रांधावं आणि कुणी जेवायला येऊ नये तसं होतं मला. आणि पलीकडच्या रांगेतून तुमचा आवाज येतो. तुमच्या भावासारखाच आहे तो. ते गेल्यापासून त्या घरात मोठ्यानं कुणी बोललेलं नाही. दर रविवारी वाटतं, एकदा तरी तो माझ्यासमोर यावा." मग हात जोडोन म्हणाल्या, "शांती असो, भावजी. नको असेल तर मी जाते, प्रभूला परत चर्चमध्ये नेते. पण नाताळ आहे."

मेणबत्तीचे मेण कापडावर ओघळले तरी इजाबेलबाईंनी ते पुसले नाही. मग बस्त्यावरावांनी हळूच तोंड इकडे फिरविले आणि खाटेवर निजल्यानिजल्या हात जोडिले आणि बोलिले, "शांती असो, वहिनी." नातालीनबाई बोलिल्या, "ख्रिस्ताचे शरीर." बस्त्यावरावांचे तोंडून आमेन निघाले ते इतके लहान, की भिंतीपलीकडे सोडा, उंबऱ्यापर्यंतही गेले नाही, परंतु ज्यांस ऐकावयाचे होते त्यांनी ऐकिले आणि पदराने डोळे पुसले.

मग हाड जुळले, ईस्टर आला, आणि बस्त्यावराव कुबडी टेकीत, तो शिंपल्याच्या बटणांचा सदरा घालून, थेट डावीकडे नातालीनबाईंपुढे जाऊन उभे राहिले, आणि आमेन ऐसे गर्जले की घंटेची दोरी आमचे हातात थरारली. मग काय विचारता, गायकमंडळ तिकडे, बायकापोरे तिकडे, लोकांस वाटले पुण्याईने मुक्काम हलविला, आणि ती रांग अंगणात गेली आणि स्वामी चांदीची वाटी धरून रिकाम्या फरशीकडे पाहत उभे राहिले. स्वामींस वैषम्य वाटले. संत असले तरी माणूसच. मिस्सा जाल्यावर बोलिले, "बाई, आज आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक नाही." तिकडे रांगेत पहिला कोण यावरोन बस्त्यावराव गायकमंडळाशी भांडत होते, वहिनींचे पुढे मीच आधी, म्हणत होते. मग स्वामींनी युक्ती केली, की आपण कोणीकडे उभे राहणार हे आगाऊ कोणासच कळू द्यावयाचे नाही, एक रविवार उजवीकडे, एक डावीकडे, कधी बाई मागल्या दाराशी. लोक गोंधळले, उठोन कोठे जावे समजेना, आणि मग जो जेथे बसला होता तेथूनच पुढे येऊ लागला आणि दोन्ही रांगा आपोआप सारख्या जाल्या. राज्य एक जाले. मत्सर गेला ऐसे लिहीत नाही.

सारांश इतकाच, की प्रसाद एक, राज्य एक, आणि त्यात पाद्र्यासही जागा आहे आणि प्रापंचिकासही, घंटा वाजविणारास अद्यापि वाचनास बोलाविलेले नाही. पुढील नाताळी त्या दोन घरांनी मिळोन सामाईक भिंतीवर एकच तारा चढविला, नातालीनबाईंनी कागद चिकटविला आणि बस्त्यावरावांनी खालोन बांबू धरिला. तारा मोठा सुरेख दिसे. फक्त तो बस्त्यावरावांचे अंगणाकडे हातभर कललेला होता, आणि नातालीनबाईंनी तो पाहिला आणि सरळ केला नाही.