तीनशे मैलांचे गिअर

ड्वेन क्रुपाचं ठाम मत होतं, की बायको निवडताना चूक झाली तर माणूस कसंतरी निभावून नेतो. मागच्या एक्सलचे गिअर निवडताना झाली तर संपलाच! बायको त्याने बेचाळीस वर्षांपूर्वी टोलेडोतल्या कुणाच्याशा लग्नात, पोल्का नाचता नाचता अकरा मिनिटांत निवडली होती. गिअरची निवड मात्र सात महिने चालू होती.

गाडी एकोणसत्तर सालची. दोन दारं, आठ सिलिंडर, आणि गॅरेजमध्ये नुसती उभी असली तरी शेजारचं कुत्रं रस्ता बदलायचं. बायकोने, म्हणजे लॉरेटाने, अट सरळ घातली होती. "लग्नानंतर आपण मिशिगनच्या टोकाला त्या तळ्यावर गेलो होतो ना, तिथं ही गाडी मला घेऊन जाणार. तीनशे मैल, आरामात. नाहीतर विकून टाकायची!"

"मग तीन-तेवीसचे गिअर!" ड्वेन म्हणाला. "आकडा लहान, इंजिन शांत. तुला झोप लागेल!"

इथवर ठीक होतं. मग व्हर्जिल आला. हयातभर शर्यतीच्या पट्टीवर टायर जाळलेला मित्र.

"तीन-तेवीस?" घरात कुणी वारलं असावं अशा आवाजात त्याने विचारलं. "अरे, चार-छप्पन घाल! आकडा मोठा, उडी मोठी! सिग्नल सुटला की तुझे डोळे मागच्या सीटवर सापडतील!"

ड्वेनने चार-छप्पन घातले. लॉरेटाला सांगितलं, तीन-तेवीस.

तळ्याकडे निघाले. हमरस्त्यावर साठचा वेग आला आणि इंजिन शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं किंचाळू लागलं.

"हा कसला आवाज?" लॉरेटा ओरडली.

"वारा!"

"झाडाचं पान हलत नाहीये, ड्वेन!"

"तेच तर! सगळा आपल्याच अंगावर येतोय!"

वेग पंचेचाळीसवर आणला तेव्हा बोलणं ऐकू येऊ लागलं. पण मग एकेक जण पुढे जाऊ लागला. अख्खं लाकडी घर लादलेला ट्रक गेला. चर्चच्या आजीबाईंची बस गेली. त्यातल्या एकीने सहानुभूतीने हातही हलवला. पेट्रोलचा काटा तर मिनिटकाट्याशी पैज लावून फिरत होता.

तिसऱ्या पंपावर पांढऱ्या मिशांचा, टोपीवाला म्हातारा गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून थांबला.

"येताना ऐकलं मी. चार-छप्पन ना?"

ड्वेनला ठसका लागला.

"तीन-तेवीस," लॉरेटा म्हणाली.

"बाई, चाळीस वर्षं गिअर बसवतोय. हे तीन-तेवीस असतील तर मी इथंच बॅले नाचतो! शर्यतीलाच निघालात ना? पलीकडच्या गावात आजच आहे."

ड्वेनला आपल्या बुटांच्या नाड्यांत अचानक फार रस वाटू लागला.

"चावी," लॉरेटाने हात पुढे केला.

त्याने दिली. सात महिने पाण्यात! ही आता गाडी इथंच, या मिशीवाल्याला विकणार. ड्वेनने हळूच बॉनेटवरून हात फिरवला, निरोपाचा.

"ते गाव कुठल्या बाजूला?" तिने म्हाताऱ्याला विचारलं.

लॉरेटा बटाट्याच्या शेतावर वाढलेली. बाराव्या वर्षी ती बापाचा ट्रक हाकायची, हे ड्वेन साफ विसरला होता. म्हाताऱ्याचं हेल्मेट चढवून ती दातांच्या एका डॉक्टरच्या नव्याकोऱ्या गाडीशेजारी उभी राहिली. पट्टी फर्लांगभराची. हिरवा दिवा लागला, धूर झाला, आणि धुरातून डॉक्टर बाहेर पडला तेव्हा लॉरेटा पलीकडे पोचून हेल्मेट काढत होती!

तळ्यावर ते दुसऱ्या दिवशी पोचले. कान अजून वाजत होते. पाण्याच्या काठावर ड्वेनने घसा साफ केला.

"चुकलं माझं. घरी गेल्यावर पहिलं काम, तीन-तेवीस बसवतो. शपथ!"

लॉरेटा मांडीवरचा, शर्यतीत जिंकलेला प्लास्टिकचा चषक रुमालाने पुसत होती.

"खबरदार! त्या म्हाताऱ्याशी बोललेय मी. चार-अठ्ठ्याऐंशी घाल. सुटताना जोर जरा कमी पडतो."

"अगं, मग पुढच्या वर्षी इथं यायचं कसं?"

"गाडी ट्रेलरवर," ती चषकावर फुंकर मारत म्हणाली, "आणि आपण व्हर्जिलच्या ट्रकमध्ये. आरामात."