चालू आहे, फेकू नये

"कुणीतरी चोरून दुसरा राउटर लावलाय साहेब," नेटवाले म्हणाले. सकाळपासून कचेरीतले निम्मे कॉम्प्युटर ठप्प होते आणि नेटवर्क सांभाळायचं काम त्यांचं, म्हणून सगळ्यांच्या शिव्याही त्यांनाच.

"जरा कळेल असं सांगा."

"प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता द्यायचं काम आपल्या एकाच सर्व्हरचं. आता दुसराच कुणीतरी मध्ये बसून पत्ते वाटतोय. त्याचा पत्ता घेतला की कॉम्प्युटर वाट चुकलाच म्हणून समजा."

"मग शोधा त्याला. तोवर तुमची रजा विसरा."

नेटवाल्यांना उद्या सकाळी समुद्रावर जायचं होतं. बायको याच कचेरीत नकाशे काढायची, तिची रजा मंजूर होती आणि बॅगाही भरून झाल्या होत्या.

"शोधतोच! आणि तुमच्यापुढे उभा करतो!" ते एवढ्या जोरात म्हणाले, की नकाशा विभागात बायकोच्या हातून पट्टी पडली.

बंद पडलेल्या एका कॉम्प्युटरवरून त्यांनी त्या आगंतुकाचा नंबर काढला. तो कुठल्या वायरवरून येतो तेही, सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे जोडतात त्या स्विचवर सापडलं. मग वायर धरून ते टेबलांखालून रांगत निघाले. मागे साहेब, आणि साहेबांच्या मागे अर्धी कचेरी, कारण कुणालाच दुसरं काम नव्हतं.

वायर बायकोच्या टेबलाखाली, कचऱ्याच्या डब्याआड संपली. तिथे एक जुना राउटर मजेत दिवे लुकलुकवत बसला होता. पाठीवर चिठ्ठी डकवलेली होती. साहेबांनी ती मोठ्याने वाचली, "चालू आहे, फेकू नये."

नेटवाल्यांनी घाईघाईने चिठ्ठीवर हात ठेवला. घरचं एक अख्खं कपाट अशा चिठ्ठ्या लावलेल्या वस्तूंनी भरलं होतं.

"अक्षर ओळखीचं वाटतंय," साहेब म्हणाले.

"अहो, माझ्या कोपऱ्यात वायफाय येत नाही म्हणून कधीपासून कानीकपाळी ओरडतेय," बायको म्हणाली. "तुमचं आपलं 'बघू, बघू'. शेवटी काल संध्याकाळी घरचाच आणून लावला. चालू आहे असं तुम्हीच लिहिलंय ना?"

नेटवाल्यांनी लगेच राउटरचं पत्ते वाटायचं काम बंद केलं, वायफाय तेवढं ठेवलं. कॉम्प्युटर एकेक करून ताळ्यावर आले. तेवढ्यात शेजारच्या केबिनमधून साहेब ओरडले, "अरे, इथेसुद्धा वायफाय आलं! आजवर कधी आलं नव्हतं! काढू नका हां तो. आणि जा उद्या, खुशाल जा."

संध्याकाळी घरी पोचताच नेटवाल्यांनी आधी ते कपाट उघडलं. दोन जुने मोडेम, वायरींची भेंडोळी, एक टेलिफोन, सगळं पोत्यात भरलं आणि भंगारवाल्याकडे निघाले.

बायको दारात आडवी उभी राहिली.

"अहो, राहू द्या की," ती हसत म्हणाली. "कधीतरी उपयोगी पडतं."