परवाना खात्यात शिजलेला कांदा

मंदगती सप्ताहाचं पत्रक परवाना खात्यात आलं, तेव्हा त्यावर 'अत्यंत तातडीचे' असा लाल शिक्का होता. घाईमुळे कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम होत असल्याचं वरच्या कचेरीच्या निदर्शनास आलं होतं. सबब, प्रत्येक खात्याने विनाविलंब संथ व्हावं, संथपणाचा एक नमुना दर्शनी भागात मांडावा आणि शुक्रवारी मोठे साहेब पाहणीला येतील तेव्हा तो सादर करावा, असा आदेश होता. कसूर करणाऱ्या खात्याची रवानगी तळघरात होणार होती.

तळघराचं नाव निघताच वहिनींनी पदर नाकाला लावला. वहिनी म्हणजे दुकानांच्या पाट्यांना परवाने देणाऱ्या खिडकीवरच्या कारकून. त्यांचे दीर पूर्वी याच कचेरीत होते. ते हाक मारायचे म्हणून सगळेच वहिनी म्हणू लागले; दीर निवृत्त झाले, हाक राहिली. तळघरात भिंतींना ओल होती, आणि नुसत्या ओलसर टॉवेलानेही वहिनींना खोकल्याची उबळ यायची.

"खरं तर आपण पहिल्यापासून संथच आहोत," खात्याचे साहेब खिन्नपणे म्हणाले. "पण ते हौसेपोटी. आता रीतसर व्हायला हवं."

बाकीची खाती कामाला लागली होती. नळदुरुस्ती खात्याने आपला गळका नळ मांडला. दाखले खात्याने कासव आणलं, पण ते दुपारपर्यंत जिना उतरून निघून गेलं आणि घाईबद्दल खात्याकडे खुलासा मागवण्यात आला.

वहिनींना एकदम नणंदेने दिलेला स्लो कुकर, मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, आठवला. माळ्यावर खोक्यातच पडून होता.

"त्यात काय करतात?" साहेबांनी विचारलं.

"कांद्याचं डिप. कांदा लोण्यात दिवसभर मंद शिजतो. मग त्यात क्रीम चीज घालायचं, थोडं आंबट क्रीम, मिरपूड. बटाट्याच्या चिप्सबरोबर खातात."

"दिवसभर? आणि घाई केली तर?"

"घाई केली तर होतच नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. असं धोरण त्यांना आजवर एकाही पत्रकात सापडलं नव्हतं.

शुक्रवारी वहिनी कांद्यांची पिशवी, लोण्याचे-क्रीमचे डबे, चिप्स आणि कुकर घेऊन लवकर आल्या. खिडकीशी बसून त्यांनी कांदे उभे, पातळ चिरायला घेतले. बाहेर रांगेत पहिला एक शिंपी होता. पाटीच्या परवान्यासाठी हेलपाटे घालून त्याच्या चपला झिजल्या होत्या. त्याने आपलं गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि वर पाहिलं, तर बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. या कचेरीत आपल्यासाठी कुणी रडेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

आता अडचण अशी, की खात्यातला चालू असलेला एकमेव प्लग खिडकीच्या शेजारी होता. आणि नियम असा, की विजेचं उपकरण चालू असताना कर्मचाऱ्याने जागा सोडू नये. वहिनींनी कुकर लावला आणि त्या अडकल्या. चहाला जाता येईना, दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे डोकावता येईना. समोर शिंपी उभाच. नुसतं त्याच्याकडे बघत बसणं बरं दिसेना, म्हणून वहिनींनी त्याचा कागद घेतला आणि शिक्का मारला.

थोड्या वेळाने लोण्यात कांदा नरम पडू लागला आणि असा काही वास सुटला, की साहेब केबिनचं दार उघडून बाहेर आले. देखरेख करणं आपलं कर्तव्य आहे, असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढून कुकरपाशी मांडली. पाठोपाठ शिपाईमामा स्टूल घेऊन आले.

एरवी खिडकीतला कागद मामा साहेबांकडे न्यायचे. वाटेत मामा थांबत, केबिनमध्ये कागद थांबे, सहीनंतर दोघेही थांबत. आज तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. वहिनींनी शिक्का मारला की कागद आपोआप साहेबांच्या मांडीवर येई, पेन खिशातच असे, आणि मामांनी हात लांब केला की परवाना खिडकीबाहेर.

"झाकण काढून बघू का?" साहेब अधूनमधून विचारत.

"अजून नाही. सही करा."

आणि ते करत.

कांदा सोनेरी झाला, मग तांबूस, मग मधासारखा. वहिनींनी त्यात क्रीम चीज आणि आंबट क्रीम घालून हलवलं. छान दाटसर, मऊसूत डिप झालं. तेवढ्यात मामांनी खिडकीबाहेर डोकावून पाहिलं.

"साहेब, रांग संपली."

"संपली म्हणजे? जेवायला गेली असेल."

"नाही. कामं झाली सगळ्यांची."

साहेबांनी स्वतः खिडकीबाहेर डोकं काढून खात्री केली. मंदगती सप्ताहात, पाहणीच्या दिवशी, त्यांच्या खात्यात एकही माणूस ताटकळत नव्हता. "मामा, खाली जा. चार माणसं तरी आणा," ते म्हणाले. पण मोठे साहेब दारात उभे होते.

मोठ्या साहेबांनी रिकामी जागा न्याहाळली. "लोक कुठे आहेत?"

"परवाने घेऊन गेले," वहिनी म्हणाल्या.

"कुणाच्या आदेशाने?"

साहेबांनी चिप्सची बशी पुढे केली. मोठ्या साहेबांनी चिपवर डिप घेतलं, चाखलं, पुन्हा घेतलं, आणि भांड्याचा तळ दिसेपर्यंत तपासणी केली. मग निर्णय दिला: नमुना आदर्श, खातं बेशिस्त. सोमवारी सामान तळघरात हलवावं.

सोमवारी वहिनी गळ्याला मफलर गुंडाळूनच आल्या, तर खिडकीशी शिंपी उभा. त्याच्यामागे चावीवाला, न्हावी, बेकरीवाला. रांग वळून जिन्यापर्यंत गेलेली.

"आता काय राहिलं तुमचं?" वहिनींनी विचारलं.

शिंप्याने परवाना पुढे केला. "बाई, हा खरा आहे ना?"

"अहो, तुमच्या डोळ्यांदेखत शिक्का मारला की मी."

"तेच तर. इतक्या पटकन मिळाला, बायको म्हणते काहीतरी गडबड आहे. नीट तपासून, सावकाश द्या. मी येत जाईन."

साहेबांना भरून आलं. त्यांनी ताबडतोब 'खरेपणाची पडताळणी' असं नवं काम सुरू केलं. दुपारी मोठ्या साहेबांनी ती रांग वरून पाहिली, समाधानाने मान डोलावली आणि तळघराचा आदेश मागे घेतला. वहिनींनी मफलर काढला, शिंप्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं, आणि त्या चहाला गेल्या. शिंपी निर्धास्त मनाने घरी गेला.

तुम्हाला त्याचं हसू येत असेल. खुशाल हसा. पण तुमच्या घरातही कुठलातरी सरकारी कागद असेल, जो एका खेपेत, हसतमुखाने, काही न मागता हातात पडला होता. तो एकदा काढून बघा. शिक्का जरा फिकट वाटतोय ना? मग या लवकर. रांगेचं टोक सध्या जिन्याखाली आहे. शेवटचं कोण, ते तेवढं विचारून घ्या.