सांगा त्यांना

देसले सर आणि भोईर सर एकाच बाकावर बसायचे, एकाच संघाला शिकवायचे, एकाच डब्यातली तांदळाची भाकरी मोडून खायचे. पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. काही बोलायचं असलं तर मधे मी असायचे.

"मॅडम, सांगा त्यांना, सविता दमलीय. बाहेर घ्या तिला." डावीकडून देसले सर.

मी उजवीकडे वळायचे. "भोईर सर, सविता दमलीय."

"त्यांना सांगा, दमली नाय, रुसलीय. तिला कोणी पासच देत नाय."

मी पुन्हा डावीकडे. दोघांमध्ये अंतर माझ्या रुंदीएवढंच. दोघांचेही कान शाबूत. तरी मी तोंडाने सांगितल्याशिवाय दोघांच्याही तोंडावरची माशी हलायची नाही. तेवढ्यात समोरच्या संघाने आणखी एक बास्केट टाकलेली असायची.

मी शहापूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी जायला एक बाईमाणूस हवं, असा नियम. तेव्हा कॉलेजात आम्ही बाया दोघीच, आणि दुसरीला गाडी लागायची. म्हणून प्राचार्यांनी मला संघाची मॅनेजर केलं. खेळाशी माझा संबंध तोवर मुलाच्या शाळेतली लिंबू-चमचा शर्यत बघण्यापुरता होता. मी देसले सरांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. ज्याला कळतं तो मधे मधे बोलतो."

बास्केटबॉलचा कोच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडमाड माणूस येतो. देसले सर माझ्या खांद्याला लागायचे. अंगाने मात्र वरवंट्यासारखे. मूळचे मुरबाडकडचे, घरची भातशेती, आणि खेळ कबड्डी. कॉलेजात ते लागले कबड्डी शिकवायलाच. पण त्याच सुमारास कोणा दानशूर माणसाने कॉलेजला बास्केटबॉलचे दोन खांब दिले. फुकट आलेले खांब उभे करायचे तर खेळही सुरू करायला हवा, असं संस्थेचं म्हणणं पडलं. देसले सर कल्याणला गेले आणि एका मैदानाच्या जाळीबाहेर उभे राहून खेळ शिकून आले. त्यांच्या पहिल्या संघातल्या मुली, समोरची चेंडू घेऊन आली की तिचा घोटा धरायच्या, असं जुने लोक सांगतात. पंच शिट्टी मारायचा आणि आमच्या मुलींना वाटायचं, गुण मिळाला.

पण एकदा खेळ अंगात भिनला तो असा की विचारू नका. बास्केटबॉलमध्ये समोरच्यांच्या बास्केटच्या कड्याखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नसतं. सरांनी हा नियम सबंध कॉलेजला लावला. ऑफिसच्या खिडकीशी रेंगाळणारा, स्टाफरूमच्या दारात गप्पा हाणणारा, कॅन्टीनच्या काउंटरला टेकून वडा की भजी याचा विचार करणारा, सगळ्यांना मागून आवाज यायचा, "तीन सेकंद!" एकदा संस्थेचे अध्यक्षच दारात उभे राहून कोणाला तरी उपदेश करत होते. सरांनी शिट्टी मारली. अध्यक्ष दचकून बाजूला झाले, आणि आपण बाजूला का झालो याचा दिवसभर विचार करत बसले.

दुसरं वेड पायांचं. माणसाच्या तोंडाकडे ते बघायचेच नाहीत. "तोंड काय, कायपण सांगतं. पाय बघायचे." जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत मुली उभ्या असल्या की सर खाली बघत रांगेवरून फिरायचे. बरोबर आलेल्या बापांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे व्हायचे. मग सर एखादीसमोर थांबायचे.

"कुठली गो तू?"

"उंबरमाळी."

"रोज टेकडी उतरून टेसनाला येतेस? मग तू बास्केटबॉल खेळशील."

तिने बास्केटबॉल टीव्हीवरसुद्धा पाहिलेला नसायचा. पण दोन वर्षांनी ती कल्याण-ठाण्याच्या मुलींना पळवून पळवून घामाघूम करायची, हेही खरं.

भोईर हे सरांचे पहिले मदतनीस आणि शेवटचेही. आधी त्यांचेच विद्यार्थी. घरची शेती सांभाळून सकाळ-संध्याकाळ मैदानावर यायचे, कॉलेज दरवर्षी त्यांना नव्याने नेमायचं. आमच्या संघाचा डॉक्टर म्हणजे प्रयोगशाळेतले मुकणे मामा. पाय मुरगळो, गुडघा फुटो, चक्कर येवो, त्यांचा उपाय एकच: कुल्फीवाल्याकडून मागून आणलेला बर्फ. असा आमचा फौजफाटा.

आता भांडणाचं सांगते. कॉलेजची जागा शेजारच्या गावाने दिलेली. देताना बोली झालेली, की पीक निघालं की भात वाळवायला मैदान गावाचं. बास्केटबॉलचं मैदान सिमेंटचं झालं तसं गावाचं त्याच्यावरचं प्रेम आणखी वाढलं. दिवाळी सरली की हायवेकडच्या अर्ध्या मैदानावर भात पसरलेलं असायचं. सर पडले शेतकऱ्याच्या घरातले, भात पसरणाऱ्यांना ते कोणाला हटकू द्यायचे नाहीत. उरलेल्या अर्ध्यात, इमारतीकडच्या, बाकावरून डाव्या हाताच्या एकाच कड्यावर, सराव. जिच्या हातून चेंडू भातात जाईल तिने पाय ओढत फिरून सगळं भात उलटंपालटं करून यायचं. "पायबी सुधरतो, भातबी वाळतं," सर म्हणायचे. गावातल्या बायका तर चेंडू भातात जावा म्हणून कडेला बसून राहायच्या.

आणि विद्यापीठाच्या स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत.

त्या वर्षी संघ खरोखर चांगला होता. कल्याणच्या सामन्यात पहिल्या अर्ध्यात आमच्या मुली पुढे होत्या. योगायोगाने कडंही घरच्यासारखंच, डाव्या हाताचं मिळालेलं. मध्यंतर झालं. मध्यंतरानंतर बाजू बदलतात. हे सरांना ठाऊक होतं, भोईरांना ठाऊक होतं, मुलींनीही कधीतरी ऐकलेलं होतं. पण त्यांच्या पायांना महिनाभर एकच कडं ठाऊक होतं. खेळ सुरू होताच आमच्या मनीषाने चेंडू हिसकावला, दोघींना चुकवलं, सुसाट गेली आणि आपल्याच कड्यात सुरेख बास्केट टाकली. शेवटी शेवटी तिला कोणी अडवलंच नाही, याचं तिला नवल वाटायला हवं होतं. आमच्या बाकी मुली आनंदाने तिच्या गळ्यात पडल्या. बाकावर मी उठून टाळ्या वाजवल्या, मुकणे मामांनी वाजवल्या, आणि मी शपथेवर सांगते, देसले सरांनी आणि भोईरांनीही वाजवल्या. समोरच्या बाकावरचे लोकही टाळ्या वाजवतायत असं दिसलं तेव्हा आम्हाला शंका आली.

सामना आम्ही एका गुणाने हरलो.

परतताना आम्ही सगळे जीपमध्ये कोंबून बसलो. मग देसले सर म्हणाले, "बाजू बदलते, हे पोरींना सांगायचं काम कुनाचं?"

"मला वाटलं तुमी सांगाल," भोईर म्हणाले.

"सगलं मीच सांगायचं तर तू कशाला हायस रे?"

"मग नका ठेवू मला."

पडघा येईपर्यंत दोघांचा आवाज चढत गेला, पडघ्याला दोघं एकदम गप्प झाले. वाशिंदला सर माझ्याकडे वळले. "मॅडम, सांगा त्यांना, उद्याचा सराव साडेसहाला." भोईर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. कालपर्यंत 'अरे भोईर' असलेला माणूस त्या वळणावर 'ते' झाला. मला वाटलं, चार दिवसांत मिटेल. मुली आल्या, शिकल्या, लग्नं करून गेल्या, मनीषाची मुलगी शाळेत जायला लागली, तरी मी आपली मधेच.

अबोला असला तरी वैर नव्हतं. सरांची बायको आजारी पडून गेली, मुलगा तिकडे बडोद्याला. शहापुरातल्या दोन खोल्यांत सर एकटेच उरले. त्या दिवसांत भोईर रोज घरून डबा आणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "त्यांना सांगा, वालाचं बिरडं हाय. तिखट कमी हाय." सर डबा पुसूनपासून मला परत करायचे. "सांगा त्यांना, तिखट अजून कमी चालंल." मला कधी कधी दोघांनाही समोरासमोर उभं करून चार शब्द सुनवावेसे वाटायचे.

मग सरांची निवृत्ती जवळ आली. प्राचार्यांनी मला आणि देसले सरांना बोलावून विचारलं, की यापुढे संघ भोईरांकडे द्यावा की बाहेरून कोणी शिकलेला माणूस आणावा? देसले सर पाय बघत बसले होते, प्राचार्यांचे. ते म्हणाले, "त्याच्याएवढा धीराचा मानूस जिल्ह्यात नाय. पोरगी चुकली तर तो आधी तिला पानी देतो, मग बोलतो. मला हे कधी जमलं नाय. त्यालाच द्या." बाहेर आल्यावर जिन्यात माझा दंड धरून म्हणाले, "हे मातर सांगू नका त्यांना." इतक्या वर्षांत न पोचवायचा हा पहिला निरोप. मी तो पोचवला नाही, आणि माझ्या जिवाला त्याचा फार त्रास झाला.

निरोप समारंभात भोईरांनी हार घातला, सरांनी मान वाकवली. एक शब्द नाही. माझ्या मनात आलं, आता बाकच गेला, ही दोन माणसं एकमेकांना कायमची गेली.

पण पुढल्याच आठवड्यात देसले सर शेअर रिक्षाने आसनगावला आमच्या घरी हजर. "मॅडम, सांगा त्यांना, ती नवीन उंच पोरगी हाय ना, तिचा डावा पाय आळशी हाय." ह्यांनी चहा टाकला. सर बसले, भाताबद्दल बोलले, आमच्या गॅलरीतल्या तुळशीला पाणी कमी पडतंय म्हणाले, आठच्या बातम्या बघून गेले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात भोईर: "त्यांना सांगा, पाय आळशी नाय, बूट मोठा हाय." संध्याकाळी सर पुन्हा उत्तर घ्यायला हजर. असं रोजचंच झालं. निवृत्त माणूस गावी जाईल म्हणून मी सुचवून पाहिलं. "गावाला लय उकडतं," ते म्हणाले. जसं काही शहापुरात बर्फ पडतो.

शेवटी मीच कंबर कसली. एका रविवारी भोईरांनाही चहाला बोलावलं. दोघं सोफ्यावर बसले, सवयीने मधे माझी जागा सोडून. मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आजपासून माझी मॅनेजरकी संपली. काय बोलायचं ते एकमेकांशी बोला."

दोघांनी आधी माझ्याकडेच पाहिलं. मग भोईर खाकरले.

"बरे हाव ना, सर?"

"बरा हाय."

"तब्बेत?"

"ठीक. पोरी?"

"बऱ्या खेळतायत."

"हां."

झालं. एवढ्यासाठी इतकी वर्षं माझी मान दुखत होती. भोईरांनी चहा संपवला, सरांच्या पाया पडले, "फोन करतो सर," म्हणाले आणि जिना उतरले. मी हरखून सरांकडे पाहिलं. त्यांचा कप तसाच होता.

"मॅडम, हे काय केलंत तुमी?"

"का? मिटलं ना सर!"

"मिटलं. आता त्यो फोन करंल. दोन मिनटात सगलं बोलून होईल." ते कपाकडे बघत राहिले. "मग सांजचं मी काय निमित्त सांगून तुमच्याकडं येऊ?"

ह्यांनी टीव्ही बंद केला. तो अबोला इतकी वर्षं मला दोन हट्टी माणसांचा खेळ वाटत होता. त्यातल्या एकाची रोजची संध्याकाळ त्याच्यावर चालली होती, हे मला दिसलंच नव्हतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. 'निमित्त कशाला, असेच येत जा' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं, पण देसले सर असेच येणाऱ्यांतले नाहीत, हेही मला माहीत होतं.

मी उठून गॅलरीत गेले. खाली भोईर मोटरसायकलला किक मारत होते.

"भोईर सर! देसले सर म्हणतायत, काही मिटलेलं नाही. ती कल्याणची चूक तुमचीच होती!"

भोईरांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्यामागच्या उघड्या दाराकडे. गाडी त्यांनी बंद केली. तोंडावरचं हसू पुसून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "त्यांना सांगा, चूक त्यांचीच! आनि मी फोनबिन काय करनार नाय!"

मी आत आले. देसले सर सोफ्यावर ताठ बसले होते आणि गार झालेला चहा भराभर पीत होते.

"काय माजलाय बघा," ते म्हणाले. "असं सोडून नाय चालायचं. रातभर इचार करून उद्या सांजला येतो, काय सांगायचं ते सांगतो."