अण्णा शेट्यांच्या यकृतावरील दोन सुयांची मोहीम

ज्यानें देहांत यकृत ठेविलें आणि यकृतांत सोसण्याची शक्ती ठेविली, त्यास नमन करोन हकीकत लिहितों ऐसी जे: शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, एका राज्याच्या थोर इस्पितळांत दोन सुयांचा तंटा पेटला, त्याचें हें वर्तमान. राज्याचें नांव आम्हांस ठाऊक आहे, परंतु त्या इस्पितळीं आम्हांसही कधीं निजावें लागेल, म्हणोन लिहीत नाहीं.

त्या राज्यीं शिवमूर्तीअण्णा शेटे म्हणोन धान्याचे मातबर अडत्ये. पोत्यांत पोकळ सळई खुपसावी आणि मूठभर दाणे काढावे आणि त्यावरून सगळ्या गाडीचा भाव बोलावा, यांत त्यांचा हात धरील ऐसा पेठेंत कोणी नाहीं. त्यांचेच यकृतांत गांठ निघाली, लिंबाएवढी. शल्यविशारदांनीं कर्करोगाचा संशय धरोन निम्में यकृत कापावयाचा मुहूर्त पुढल्या सोमवारचा नेमिला, आणि अण्णांचें कुटुंब निंगव्वाबाई यांनीं अन्न सोडिलें. मग दरबारीं ठरलें जे, कापण्यापूर्वीं शत्रू कोण तें सुई घालोन विचारावें.

सुयांचे सरदार दोन. डॉक्टर वाकसकर बारीक सुईचे धनी, आपण मात्र देहानें ऐसे भरदार जे दारांतून आडवे शिरत. डॉक्टर पोतनीसबाई जाड सुईच्या धनीण, आणि आपण काडीसारख्या. बारीक सुई आंत जाई आणि पेशींचा थेंब ओढून आणी आणि रक्त फारसें न सांडे, आणि थेंब तेथेंच कांचेवर पसरोन सूक्ष्मदर्शकाखालीं धरितां खबर हातोहात मिळे. जाड सुई खटकन् मांसाची शेवई काढी आणि पेशी कोण कोणाशेजारीं बसली तें सगळें दाखवी, परंतु रक्ताचें भय अधिक आणि निकालास दिवस लागत.

"बाई, तुमची सुई म्हणजे नांगर," वाकसकर म्हणत.

"आणि तुमची? गर्दीतून चार माणसं उचलायची आणि त्यांना गावाचा नकाशा विचारायचा," बाई उत्तर करीत.

अण्णांचें रक्त गोठण्यास किंचित् उशीर लागे, म्हणोन पहिली चढाई बारीक सुईची ठरली. वाकसकर सोनोग्राफीच्या पडद्यावर गांठीची कड नेमीत होते, तों निजल्या जागीं अण्णा खवळले.

"कडेला काय करालाव, साहेब? मधे खुपसा, मधे! कडेला चांगला माल लावून ठेवतेत सगळे. जन्म गेला माझा यात!"

आतां तें यंत्र अण्णांचेच देणगीचें, आणि वाकसकर स्वभावें भिडस्त. सुई मध्यें खुपसली. आला तो पिवळट चोथा, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं मेलेल्या पेशींखेरीज कांहीं दिसेना. निकाल ऐसा जे, कांहीं सांगवत नाहीं. शल्यविशारद बोलिले, "मग सोमवार पक्का."

निंगव्वाबाईंनीं यजमानांस तेथेंच फैलावर घेतलें. "अवं, तुमचं पोट हाय का तुरीचं पोतं? त्यांचं काम त्यांना करू द्या की!" आणि अण्णांनीं आपले कान धरिले, जें पेठेनें कधीं पाहिलें नव्हतें.

मग पोतनीसबाई आपण होऊन वाकसकरांचे दालनीं गेल्या. "सर, पोत्यात कचरा मध्ये असतो. गाठीचा मध्य मरून जातो, जिवंत काय ते कडेला."

"मला ठाऊक होतं हो."

"मग?"

"भीड पडली."

"तुमच्या भिडेपायी त्या माणसाचं अर्धं यकृत जाईल."

वाकसकरांनीं मान खालीं घातली, आणि वर काढिली तेव्हां तंटा विसरोन म्हणाले, "मग असं करू. तुमच्या सुईची बाहेरची पोकळ नळी गाठीच्या कडेला बसवा. तिच्यातून आधी माझी सुई जाईल, मग तुमची. भोक एकच."

बाई हंसल्या. "नांगराच्या वाटेनं जाणार?"

"जाईन की. नांगर तुमचा आहे म्हणून."

येणेंप्रमाणें स्वारी जाहली. बारीक सुईनें थेंब आणिला, आणि वाकसकर पाहून बोलिले, "दगाबाज पेशी एकही नाही. पण शपथ घेत नाही." तोच थेंब जंतूंच्या परीक्षेस रवाना केला. मग जाड सुईनें शेवई काढिली, आणि बाईंनीं माघार घेतां घेतां नळीची वाट औषधी फेसानें बुजविली, रक्त म्हणोन सांडलें नाहीं. शनिवारीं शेवईचा निकाल आला: पेशींनीं वर्तुळ धरोन मध्यें चोथा कोंडलेला, क्षयाची गांठ. आणि थेंबांत क्षयाचे जंतूही धरिले गेले. सोमवार रहित जाहला, सुरी म्यानांत गेली, गोळ्या सुरू जाहल्या, आणि निंगव्वाबाई पोटभर जेवल्या.

तात्पर्य जमाखर्च ऐसा: बारीक सुईचे पदरीं चपळाई आणि अल्प रक्त, जाड सुईचे पदरीं भरंवसा आणि पुरता नकाशा, दोघींस ओळखून वापरणारे सरदार भेटणें, हें रोग्याचें भाग्य. अण्णा बरे होऊन पेठेंत बैसले आहेत. हल्लीं पोतें मध्यें तपासितात आणि कडेसही तपासितात. हमाल कुरकुरला, "अण्णा, किती भोसकायचं? पोतं फाटंल की!"

अण्णा बोलिले, "भोक एकच पाड रे. सळई आत फिरव."