शेषरावाच्या पोटातून गेलेली बिलं

एका जंगलात पाणी पिणाऱ्याला बिल येत असे. हसू नका, बालमित्रांनो. तुमच्याही घरी येतं, पाणी येवो न येवो.

जंगलात पाणवठा एकच होता. त्याच्या मधोमध एक खडक होता आणि खडकावर गोदाक्का नावाची कासवीण बसायची. कोण किती घोट प्यालं ते ती मोजायची आणि पळसाच्या पानावर नखानं बिल लिहायची. एक पान पिणाऱ्याला, दुसरं विश्लेषण विभागाला. खडकावर बारा खुणा होत्या. त्यातल्या किती पाण्याखाली आहेत, तेही ती बिलाच्या तळाशी टिपून ठेवायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण पाणवठा हे तिचं घर होतं, आणि घरात पाणी किती उरलंय याचा घोर घरच्या बाईला लागायचाच.

विश्लेषण विभाग म्हणजे लोंबकर साहेब नावाचं वटवाघूळ. ते अर्ध्या कोसावरच्या वडाला उलटे लटकून बिलं वाचत आणि खालच्या गुहेतल्या महाराजांना रिपोर्ट देत. महाराज सिंह होते, हे सांगायला नकोच. रिपोर्टात पाणी कमी दिसलं की महाराज हुकूम काढत आणि हत्ती कोरड्या ओढ्यात झिरा खणत. झिऱ्याला आठ दिवस लागत. हुकमाशिवाय मात्र हत्ती सोंडही हलवत नसत, कारण ते सरकारी हत्ती होते.

बिलं पोचवायला बाहेरचे कावळे ठेवले होते. एकदा एक कावळा शेजारच्या जंगलात चिंचेवर टेकला आणि त्याच्या चोचीतून नेमकं महाराजांचं बिल पडलं. गोदाक्कानं त्यावर प्रामाणिकपणे शेरा मारला होता : ‘घोट चाळीस. दर घोटाला मागे वळून पाहिले.’

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या जंगलातली डुकराची पिल्लं ‘महाराज-महाराज’ खेळू लागली. एक घोट, की मान मागे. एक घोट, की मान मागे.

महाराजांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आमचा डेटा परक्याच्या चोचीत?” ते गरजले. “आजपासून आपला डेटा आपल्या जमिनीवरून, आपल्याच वाहिनीतून जाईल!”

वाहिनी शोधायला लांब जावं लागलं नाही. पाणवठ्यापासून वडापर्यंत शेषराव नावाचा अजगर कित्येक वर्षं पडूनच होता. तोंड पाणवठ्याशी, शेपूट वडाशी. शेपटीवर माशी बसली तर तोंडाला दुसऱ्या दिवशी कळायचं, एवढा तो लांब होता.

महाराजांनी स्वतः चाचणी घेतली. शेषरावाच्या तोंडात एक बिल टाकलं आणि माकडांना सांगितलं, आत काय लिहिलंय ते वाचून दाखवा. माकडांनी त्याचं पोट दाबलं, पोटाला कान लावला, गुदगुल्यासुद्धा केल्या. कुणालाच काही वाचता येईना.

“शेषराव, तुला तरी कळलं का?”

“मी चावत नाही, महाराज,” शेषराव म्हणाला. “नुसतं गिळतो.”

महाराज एवढे खूश झाले की त्यांनी तिथेच कावळ्यांना रजा दिली.

आठव्या दिवशी पहिलं बिल वडाखाली पोचलं. ते कोणत्या वाटेनं बाहेर पडलं आणि कोणत्या रूपात, हे चांगल्या घरच्या मुलांनी विचारू नये.

तिकडे उन्हाळा वाढत होता. दोन दिवसांना एक खूण उघडी पडत होती. गोदाक्का बिलाच्या तळाशी आठ लिहायची, मग सात, आणि पान शेषरावाच्या तोंडात सारायची. झिऱ्याचा हुकूम काही निघेना. सात खुणा उरल्या तेव्हा तिचा जीव राहीना. दुसरा पाणवठा शेजारच्या जंगलात, सात कोसांवर होता, आणि सात कोस म्हणजे तिच्या चालीनं भर उन्हात पंधरवडा. पाणी आटलं तर ती वाटेतच वाळणार होती. ती उतरली आणि दिवसभर चालत वडाखाली पोचली.

लोंबकर साहेब कामात होते. त्यांच्यासमोर ढीग होता. ते काडीनं टोचून बघत होते, वास घेत होते आणि आकडे सांगत होते.

“साहेब, यात माझं लिहिलेलं काही वाचता येतं का हो?” गोदाक्कानं विचारलं.

“वाचायचं?” साहेब हसले. “अक्का, जमाना बदलला. आता आम्ही वाचत नाही, कल बघतो. हा ढीग बघा. परवा गुडघाभर होता, आज कंबरभर. ही प्रगती नाही तर काय?”

“अहो, पण पाणी सहा खुणांवर यायला झालंय. झिरा खणायला...”

साहेबांनी दोन्ही पंखांनी कान झाकले. “तोंडी सांगू नका! तोंडी डेटा असुरक्षित! कुणी ऐकलं म्हणजे?”

गोदाक्का गुहेत गेली. महाराजांनी तिला बोलूच दिलं नाही.

“शेषरावामार्फत आलीस का?”

“नाही महाराज, चालत आले.”

“मग आम्ही तुला पाहिलंच नाही.”

बिचारी परत फिरली. जाऊन-येऊन दोन दिवस मोडले होते. उरलेल्या सहा खुणांकडे बघून तिला रडूच फुटलं. रडता रडता मात्र तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. अजगराच्या पोटात पान विरघळतं, पण कासवाची पाठ विरघळत नाही. तिनं सुतारपक्ष्याला बोलावलं आणि आपल्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत कोरून घेतलं : ‘पाणी संपत आले. झिरा खणा.’ कोरून होईपर्यंत आणखी एक खूण उघडी पडली. पाच खुणा, म्हणजे दहा दिवस. झिऱ्याला आठ गेले तर हातात दोन उरत होते. जड वस्तू लवकर घरंगळते, असा तिचा अंदाज होता.

मग ती शेषरावाच्या तोंडापाशी गेली.

“अक्का, तुम्ही?” शेषराव ओशाळला. “तुम्हाला कसं गिळू? आपला इतक्या वर्षांचा शेजार.”

“सरकारी काम आहे, शेषरावभाऊ. मोठा आ करा.”

बालमित्रांनो, हा प्रयोग घरी करू नका. आत अंधार होता, ऊब होती आणि वास होता. गोदाक्कानं मान आत ओढून घेतली आणि दिवस मोजायला सुरुवात केली. दोन झाले. पाच झाले. शेषराव जेवल्यावर झोपतो, हे तिनं हिशेबात धरलंच नव्हतं.

अकराव्या दिवशी ती वडाखाली बाहेर पडली. जिवंत होती, आणि पाठीवरचं अक्षर न् अक्षर शाबूत होतं.

लोंबकर साहेब ते बघून फांदीवरून सुटतासुटता राहिले. “महाराज, घात झाला! हे वाचता येतंय!”

महाराज धावत आले. “काय लिहिलंय?”

“ते मी वाचलं नाही, महाराज. नियमात बसत नाही. वाचता येतंय, एवढंच वाचलं.”

“झाका ते आधी!” महाराज ओरडले. “चिखल थापा!”

माकडं चिखल आणायला पाणवठ्याकडे पळाली आणि ओंजळी भरभरून आली. चिखल भरपूर होता. पाणी नव्हतं.

सगळं जंगल पाणवठ्यावर जमलं. चिखल थापलेल्या गोदाक्कालाही माकडांनी उचलून आणलं. खडक पायापर्यंत उघडा पडला होता. महाराजांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. त्यांच्याही घशाला कोरड पडली होती.

“हे असं होणार, हे कुणाला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं.

लोंबकर साहेबांची छाती फुगली. “कुणालाच नाही, महाराज! शेजारच्या जंगलाला नाही, आपल्या जंगलाला नाही, खुद्द विश्लेषण विभागालासुद्धा नाही. डेटाचा एक कणही फुटला नाही!”

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी शेषरावाच्या गळ्यात हार घालायला सांगितला. पण त्याचा गळा कुठे संपतो, यावर माकडांचं एकमत होईना.

तेवढ्यात चिखलाखालून आवाज आला.

“मला ठाऊक होतं.”

गोदाक्काला आता भीती वाटत नव्हती. तिला फक्त राग आला होता. “पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, महाराज. पाठीवर कोरून आणलं होतं.”

“म्हणजे गळती तुझ्यातच होती!” महाराज गरजले. “हद्दपार! आत्ताच्या आत्ता शेजारच्या जंगलात!”

“हिच्या चालीनं पंधरवडा जाईल, महाराज,” लोंबकर साहेब कानाशी लागले. “एवढी माहिती असलेलं कासव तोवर आपल्या हद्दीत ठेवायचं?”

महाराजांना ते पटलं. हुकूम निघाला. हुकूम निघाल्यामुळे हत्ती हलला. त्यानं गोदाक्काला सोंडेत उचललं आणि संध्याकाळच्या आत शेजारच्या जंगलातल्या तुडुंब तळ्यात नेऊन सोडलं. सरकारी हत्ती असल्यामुळे पोच घेतल्याशिवाय त्याला परतता येईना. पोच कोण देतं, याची चौकशी करत तो अजून त्या तळ्यात उभा आहे.

तात्पर्य : माहिती अशी सांभाळावी की ती चोराच्या हाती लागू नये आणि मालकाच्याही. एवढं करूनही एखाद्याला खरं कळलंच, तर त्यानं गुन्हा लगेच कबूल करावा. पाणी असलेल्या ठिकाणी हद्दपारीच्या जागा थोड्या असतात.