पापड आणि पुण्याला गेलेलं दुकान

मुलांनो, जरा डोळे मिटा. आळेफाट्याच्या रस्त्यालगत एक माडी आहे, असं समजा. खाली सुवालालशेठचं किराणा दुकान, वर टेबलावर एक कॉम्प्युटर. त्याचा हिरवा दिवा काजव्यासारखा लुकलुकतोय, पंखा घूंऽऽ करत गातोय. बाहेरून नाशिकचे ट्रक जाताहेत, आणि ह्या एवढ्याशा डब्यात आख्खं दुसरं दुकान उघडं आहे! हैदराबादची कुणी बाई घरबसल्या त्यात शिरते, शेठाणी सुमतीबाईंच्या हातचे मुगाचे पापड निवडते आणि निघून जाते. पायरीवर चप्पलसुद्धा वाजत नाही! दिसलं? आता उघडा डोळे.

साल दोन हजार आठ. हे इंटरनेटवरचं दुकान शेठजींच्या सुनेनं, हर्षानं, मोठ्या हौसेनं काढलेलं. पण उन्हाळ्यात लाईट असतानाही ते मधेच बंद पडू लागलं.

शेठजी म्हणाले, "गुरुजी, अक्षय्य तृतीयेपर्यंत बघतो. न्हाई सुधारलं तर त्या टेबलावर साबणाची खोकी ठिवतो!"

हर्षा नुसती टेबलावरची धूळ पुसत राहिली.

मी निवृत्त मास्तर, त्यात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला! छाती पुढे काढून म्हणालो, "मला न उलगडणारी गोष्ट अजून जन्मायची आहे!"

निरीक्षण केलं. ऑर्डरी वाढल्या की दुसऱ्या दिवशी दुकान ठप्प!

"गिऱ्हाइकांची गर्दी! एसटीच्या टपावर माणसं बसली की घाटात इंजिन धापा टाकतं, तसं झालंय. उपाय एकच, मॅनेज्ड होस्टिंग!"

"म्हंजी?"

"आपलं दुकान पुण्यातल्या एका कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायचं. वीज, पंखे, दुरुस्ती, सगळं तिथली माणसं सांभाळतात. आपण इथून फक्त माल पाठवायचा."

"आपलं दुकान परक्याच्या घरात? राव, मी शेजाऱ्याला तराजू देत न्हाई!"

शेठजींची आठ वर्षांची नात रिंकू मधेच म्हणाली, "गुरुजी, सगळं म्हंजी सगळं सांभाळतात?"

"सगळं!"

"अन् त्यांचे कॉम्प्युटर आपल्यापेक्षा गरम असतात?"

"कितीतरी! म्हणून तर एवढाले पंखे!"

काय हुशार मुलगी! मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली.

शेठजी म्हणाले, "आधी गर्दी दावा, मग पुणं."

मी दुपारी लाईट आल्यावर माडीवर पहाऱ्याला बसलो. चार दिवस आभाळ पुन्हा अवकाळी ढगांनी भरलेलं. मऊ उजेड, पंख्याची घूंऽऽ... डोळा लागला. स्वप्नात आमचं दुकान पोती-तराजूसकट ढगावर बसलं आणि खेडच्या घाटावरून संथ तरंगत निघालं. खालून गिऱ्हाइकं शिड्या लावत होती. शेठजी वरून ओरडत होते, "सावकाश या, पावणं!" मग त्या ढगाला हिंगाचा वास यायला लागला.

हिंगाचा?

जागा झालो. पंखा बंद! कॉम्प्युटरवर मागून-पुढून सुती कपडा, कपड्यावर पापड! माझ्या छातीवरही दोन पापड! आणि रिंकू ते गोळा करत होती.

"रिंकू! हे काय?"

"पापड वाळवत व्हते. ऑर्डर आलीय अन् ऊनच न्हाई. तुमीच सुट्टीच्या वर्गात शिकवलं ना, गरम वारा ओल्यातलं पाणी उचलून नेतो! ह्या डब्यातनं लई गरम वारा येतो."

"आणि हा बंद पडतो तेव्हा?"

"तेव्हा वाळले! कुकरची शिट्टी वाजती ना, तसं. मग मी पापड खाली नेते."

"आणि माझ्या छातीवर?"

"तुमी घोरत व्हता. तुमचा वारा पण गरमच व्हता."

घ्या! ऑर्डर आली की पापड, पापड आले की कपडा, कपडा आला की वारा कोंडून दुकान बंद! माझा गर्दीचा तर्क ओल्या पापडासारखा लोळागोळा झाला.

शेठजी पोट धरून हसले. "रोग घावला! पुणं रद्द!"

आणि हर्षा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "पप्पा, कपडा काढला तरी रोज दुपारी लाईट जातीच. तेवढा वेळ गिऱ्हाईक दारातनं परत जातं. आपल्याला दिसत न्हाई, म्हणून काय ते येत नसतं?"

शेठजींचं हसू थांबलं. उभ्या आयुष्यात त्यांनी पायरीवरून कुणाला परत पाठवलं नव्हतं. ते रिकाम्या पायरीकडे बघत राहिले, जणू तिथं हैदराबादची बाई उभी होती.

"ठीव पुण्याला," ते हळूच म्हणाले. "पण किल्ली तुझ्याकडं पायजे."

"म्हंजी हा डबा आता पापडाला मोकळा!" सुमतीबाई खूश झाल्या.

दुकान पुण्याला गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ. रिंकूनं डब्यावर हात ठेवला. गार!

"गुरुजी, गरम वारा पण पुण्याला गेला?"

"गेला, बाळा." मग मी तिला बाष्पीभवन पुन्हा पहिल्यापासून, अगदी सावकाश समजावलं. तिनं शहाण्यासारखी मान हलवली.

आणि संध्याकाळी तिनं सगळे ओले पापड एका खोक्यात भरले, हर्षाच्या पार्सलांच्या ढिगावर ठेवले आणि वर गोल गोल अक्षरात लिहिलं: "होस्टिंगवाले काका, हे वाळवून परत पाठवा. गुरुजी म्हणाले, तुम्ही सगळं सांभाळता."